चार फूट खोल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर भूगोल शिकवायचे. विषय निवडायची मोकळीक मिळाली तेव्हा मी पॅसिफिक महासागरातले एक बेट निवडले. त्या बेटावर आज कायमची वस्ती नाही. निर्मनुष्य बेटावर तासभर काय बोलणार, असे संयोजकांना वाटले असणार. सभ्यपणामुळे ते तसे म्हणाले नाहीत. पण या सभागृहात नगर, राहुरी, पारनेरकडची मंडळी बसली आहेत. तोफांचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या माणसांना या बेटाची गोष्ट फार परकी वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

बेटाचे नाव काहोओलावे. हवाईच्या आठ प्रमुख बेटांपैकी हे सगळ्यांत लहान. क्षेत्रफळ साधारण ११६ चौरस किलोमीटर, आपल्या भाषेत २८,८०० एकर. शेजारी माऊई हे मोठे बेट, मध्ये अकरा-बारा किलोमीटरचा समुद्र. माऊईवर हालेआकाला नावाचा प्रचंड ज्वालामुखी पर्वत आहे. तो ढग अडवतो आणि काहोओलावे कोरडे राहते. सह्याद्रीच्या आडोशाला माणदेशाचे जे झाले तेच इथे समुद्रात झाले आहे, एवढे सांगितले की तुम्हाला चित्र दिसेल.

कोरडे असले तरी ते ओसाड नव्हते. मूळ हवाईवासीयांची तिथे शेकडो वर्षे वस्ती होती. ते मासेमारी करत, रताळी लावत. पुऊ मोईवी नावाच्या टेकडीवर दगडी कुऱ्हाडी घडवण्याची खाण होती. समुद्राचा देव कानालोआ याचे नाव या बेटाला होते. ताऱ्यांच्या आधाराने दूरवर नौका हाकणाऱ्यांना इथे शिक्षण मिळे, अशी परंपरा आहे. बेटाच्या पश्चिमेच्या सामुद्रधुनीच्या नावातच ताहितीकडे जाण्याची वाट सांगितलेली आहे.

लष्कराच्या हिशेबाकडे जाण्याआधी बकऱ्यांचा हिशेब करायला हवा. नाहीतर सगळा दोष एकाच्या माथी मारल्यासारखे होईल. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने हवाईच्या बेटांवर बकऱ्या भेट म्हणून आणल्या. एकोणिसाव्या शतकात काहोओलावेवर काही काळ गुन्हेगारांना सोडून देण्याची वसाहत होती. त्यानंतर मेंढ्या आल्या, गुरे आली. बेट भाडेपट्ट्याने चरायला दिले गेले आणि चराईला धरबंद राहिला नाही. गवत गेले तशी माती सुटली. इथला वारा सोसाट्याचा. वरच्या भागातली माती उडून खालची तांबडी, दगडासारखी घट्ट जमीन उघडी पडली. बॉम्ब पडायला सुरुवात झाली तेव्हा बेट आधीच जखमी होते.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, हवाईत लष्करी कायदा लागू झाला आणि काहोओलावे नेमबाजीच्या सरावासाठी ताब्यात गेले. पॅसिफिकमधल्या बेटांवर उतरण्याआधी युद्धनौकांनी किनाऱ्यावर तोफा कशा डागायच्या, विमानांनी बॉम्ब कुठे टाकायचे, हे सैनिक इथे शिकले. त्या काळात ते गैर होते असे मी म्हणणार नाही. लढाईत माणसे मरत होती आणि सराव आवश्यक होता. प्रश्न लढाई संपल्यावरचा आहे. १९४५ ला युद्ध संपले, सराव संपला नाही. कोरियाच्या युद्धाची तयारी इथे झाली, व्हिएतनामचीही झाली.

२० फेब्रुवारी १९५३ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आदेश क्रमांक १०४३६ काढून बेट नौदलाकडे सोपवले. त्याच आदेशात एक अट होती. नौदलाला बेटाची गरज संपली की ते माणसांच्या वस्तीला वाजवी प्रमाणात सुरक्षित अशा अवस्थेत परत करायचे, आणि त्याचा खर्च हवाईवर टाकायचा नाही. आश्वासन लेखी होते, देशाच्या सर्वोच्च पदावरून आलेले होते. पुढे चाळीस वर्षे त्याच एका वाक्याच्या आधारावर लोक भांडले.

१९६५ मध्ये नौदलाने इथे ‘सेलर हॅट’ नावाची चाचणी मालिका केली. किनाऱ्यावर पाचशे टन टीएनटीचा घुमट रचायचा, जवळच्या समुद्रात युद्धनौका उभ्या करायच्या आणि घुमट उडवायचा. अणुस्फोटाचा धक्का जहाजाला कसा बसेल याचा अंदाज घ्यायचा होता. असे तीन स्फोट झाले. किनाऱ्यावर पडलेला खड्डा आज खाऱ्या पाण्याने भरलेला आहे आणि त्यात हवाईतली दुर्मिळ इवली लाल कोळंबी राहते. त्या स्फोटांनी बेटाच्या पोटातल्या गोड्या पाण्याच्या साठ्याला तडा गेला, असे तिथले लोक आजही मानतात.

१९६९ मध्ये एक न फुटलेला पाचशे पौंडी बॉम्ब सापडला, तोही चुकीच्या बेटावर. तो पडला होता माऊईवर, तिथल्या महापौरांनी भाड्याने घेतलेल्या कुरणात. सरावक्षेत्राची हद्द नकाशावर असते आणि बॉम्बला नकाशा वाचता येत नाही, हे महापौरांना फारसे समजावून सांगावे लागले नसेल. बॉम्बफेकीविरुद्ध दावे लागायला सुरुवात झाली.

खरा उठाव झाला ४ जानेवारी १९७६ ला. पन्नासएक माणसे होड्यांतून निघाली होती. तटरक्षक दलाने बहुतेकांना परतवले, नऊ जण बेटावर उतरले. त्यात जॉर्ज हेल्म नावाचा गायक होता, मोलोकाई बेटावरचे डॉक्टर नोआ एमेट अलुली होते, वॉल्टर रिटे होते. ‘प्रोटेक्ट काहोओलावे ओहाना’ ही संघटना यातून उभी राहिली. ओहाना म्हणजे कुटुंब. पुढच्या वर्षी रिटे आणि रिचर्ड सॉयर हे दोघे बॉम्बफेकीच्या क्षेत्रात पस्तीस दिवस लपून राहिले. त्यांच्या शोधात हेल्म आणि किमो मिचेल हा त्यांचा सोबती, असे दोघे मार्च १९७७ मध्ये समुद्रात गेले ते परतले नाहीत. हवाईत आजही त्यांची नावे आदराने घेतली जातात.

अलुली आणि सोबत्यांनी संघराज्याच्या न्यायालयात संरक्षण खात्यावर दावा लावला होता. पर्यावरणावरचे परिणाम तपासले का, ऐतिहासिक स्थळांची नोंद केली का, हे त्यांचे प्रश्न होते. १९८० मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला: नौदलाने पुरातत्त्वीय पाहणी करायची, बकऱ्या हटवायच्या, संघटनेच्या लोकांना ठरावीक दिवशी बेटावर येऊ द्यायचे. पाहणीत पाचशेहून अधिक स्थळे निघाली आणि १९८१ मध्ये अख्खे बेट अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेले. तरीही बॉम्बफेक चालूच होती. ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेल्या बेटावर बॉम्ब टाकण्याचा हा प्रकार नऊ वर्षे चालला. शेवटी २२ ऑक्टोबर १९९० ला राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी तो थांबवला. त्या साली हवाईत सिनेटची चुरशीची निवडणूक होती आणि त्यांच्या पक्षाच्या उमेदवार अडचणीत होत्या. निवडणुका कधी कधी चांगल्या कामीही येतात.

इथवर जी गोष्ट सांगितली ती चळवळीची होती, आणि अशा गोष्टी आपण टाळ्या वाजवून इथेच संपवतो. मला मात्र पुढचे सांगायचे आहे. पुढचे कंटाळवाणे आहे, हिशेबाचे आहे, आणि महत्त्वाचे आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सिनेटर डॅनियल इनोए यांच्या पुढाकाराने कायदा केला. बेट हवाई राज्याला परत, नौदलाने सफाई करायची, त्यासाठी ४० कोटी डॉलर आणि मुदत दहा वर्षे. ७ मे १९९४ ला मालकी राज्याकडे आली, पण बेटावर कोणी यायचे हे ठरवण्याचा अधिकार नोव्हेंबर २००३ पर्यंत नौदलाकडेच राहिला. हवाईच्या विधिमंडळाने बेटासाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि कायद्यात लिहून ठेवले की इथे कुठलाही व्यापारी वापर होणार नाही, आणि उद्या मूळ हवाईवासीयांचे स्वतःचे सार्वभौम शासन मान्य झाले तर बेट त्याच्या हवाली होईल. जे शासन अजून जन्माला आलेले नाही त्याच्या नावाने जमीन राखून ठेवणारा कायदा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आता सफाई म्हणजे काय, ते बघू. बॉम्ब किंवा तोफगोळा टाकला म्हणजे तो फुटतोच असे नाही. शंभरातले काही फुटत नाहीत. ते जमिनीत शिरतात, त्यांचा चाप ओढलेला असतो, गंज चढतो, आणि पुढे कित्येक दशके ते कधीही फुटू शकतात. त्यांना शोधायचे तर जमिनीचे चौकोन पाडायचे, दोऱ्या बांधून पट्टे आखायचे आणि धातूशोधक यंत्र घेऊन माणसांनी पावलापावलाने चालायचे. यंत्र बोलले की तिथे झेंडी लावायची. मागून दुसरी माणसे येतात आणि झेंडीखाली हाताने खणतात. बहुतेक खड्ड्यांतून निघते ते निरुपद्रवी लोखंड: गोळ्याचा तुकडा, शेपटीचा पत्रा, जुना खिळा. पण कुठला खड्डा बहुतेकांतला आणि कुठला उरलेल्यांतला, हे खणल्याखेरीज कळत नाही. जिवंत गोळा हलवण्याजोगा नसेल तर जागच्या जागी उडवून द्यायचा.

काहोओलावेवर यात आणखी एक अडचण होती. बेट ज्वालामुखीचे, माती लोहयुक्त. चुंबकीय यंत्रे मातीलाच लोखंड समजून बोलू लागतात. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या आपल्याला याची कल्पना सहज यावी. आपल्याही पायाखाली बसाल्टच आहे. त्यात धूप. आज साफ केलेल्या पट्ट्यावर पुढच्या पावसात वरच्या उतारावरून गोळा वाहत येतो. काल दोन फूट खाली असलेला बॉम्ब वाऱ्याने माती उडवल्यावर उघडा पडतो. जमीन हलत असेल तर जमीन साफ झाल्याचा दाखला कोणत्या दिवसापर्यंत खरा मानायचा?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न खोलीचा. किती खोल खणायचे? शास्त्रज्ञांना विचारले तर ते म्हणतील, तुम्हाला तिथे काय करायचे आहे ते सांगा. नुसते चालायचे असेल तर पृष्ठभाग पुरे. झाडे लावायची, तंबूच्या मेखा ठोकायच्या, शौचालयाचा खड्डा घ्यायचा तर चार फूट. पाया खणून घर बांधायचे तर त्याहून खोल. म्हणजे स्वच्छतेचे माप वापर ठरवतो आणि वापर ठरवतात माणसे. कोणती माणसे, हा राजकारणाचा प्रश्न आहे. हवाईच्या आयोगाने हे ओळखले होते. १९९५ मध्येच त्यांनी बेटाच्या वापराचा आराखडा तयार केला. देवळांच्या जागा कुठे, शिबिरे कुठे, लागवड कुठे, पायवाटा कुठे, हे नकाशावर मांडले आणि त्यावरून कुठे पृष्ठभाग, कुठे चार फूट, हे ठरवले. सुरुवातीचे उद्दिष्ट होते शंभर टक्के पृष्ठभाग आणि तीस टक्के जमीन चार फुटांपर्यंत.

दहा वर्षांतली पहिली काही वर्षे करारमदार, आराखडे आणि निविदा यांत गेली. मोठ्या प्रमाणावरचे काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाले. बेटावर धक्का नाही, गोडे पाणी नाही, वीज नाही. माणसे, जेवण, इंधन, यंत्रे, सगळे बाहेरून न्यायचे. दर एकराचा खर्च अंदाजाच्या पुढे पळाला. शेकडो जुनी लष्करी वाहने आणि हजारो टायर बाहेर काढले. टायर कुठून आले म्हणाल तर विमानांना वरून दिसावीत म्हणून लक्ष्ये टायरांचीच रचलेली असत.

मुदत संपली तेव्हा हिशेब असा निघाला. बेटाच्या सुमारे ७५ टक्के भागाचा पृष्ठभाग साफ झाला. त्यातला चार फुटांपर्यंत साफ झालेला भाग २,६४७ एकर, म्हणजे बेटाचा जेमतेम दहावा हिस्सा. ६,६९२ एकरांना, म्हणजे जवळपास चतुर्थांश बेटाला, हातच लागला नाही. भोवतालच्या समुद्राच्या तळाचे तर कोणी नावही काढले नाही. एप्रिल २००४ मध्ये नौदलाने काम आवरले.

काहीजण याला फसवणूक म्हणतात. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. सफाई करणाऱ्या तंत्रज्ञांनी जीव धोक्यात घालून प्रामाणिक काम केले. हवाईच्या आयोगानेही आपल्या बाजूचा गृहपाठ चोख केला होता. दोष कायद्याच्या रचनेत होता. काम मोजायचे एकरांत आणि फुटांत, पैसा मात्र मोजला तारखेत. रक्कम आधी ठरली, तारीख आधी ठरली, आणि जमिनीत काय आहे ते नंतर पाहिले गेले. बॉम्ब कुठे किती पडले याच्या पुरेशा नोंदीच नसतील तर अंदाजपत्रक कशाच्या आधारावर करणार? अर्धशतकभर सराव करणाऱ्यांनी नीट नोंदी ठेवल्या असत्या तर त्या ४० कोटींत किती जास्त जमीन मोकळी झाली असती, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

याच्या शेजारी व्हिएकेस ठेवून पाहू. प्वेर्तो रिकोजवळचे हे बेट. तिथेही नौदलाचे सरावक्षेत्र होते, फरक एवढा की बेटाच्या मधल्या भागात हजारो माणसे राहत होती. एप्रिल १९९९ मध्ये नेम चुकलेल्या बॉम्बने डेव्हिड सानेस या स्थानिक सुरक्षारक्षकाचा बळी घेतला, लोकांनी सरावक्षेत्रातच तळ ठोकला आणि १ मे २००३ ला नौदल निघून गेले. जाताना पूर्वेकडची सरावाची जमीन वन्यजीव खात्याकडे गेली; ती अभयारण्य झाली. ऐकायला किती छान! पण अभयारण्यात माणूस राहत नाही, आणि माणूस राहणार नसेल तर सफाईचे माप खाली आणता येते. गावकऱ्यांनी नेमका हाच आक्षेप घेतला. दुसऱ्या बाजूने, व्हिएकेसच्या सफाईला काहोओलावेसारखी अंतिम तारीख नाही. २००५ मध्ये ती जागा अमेरिकेच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत गेली आणि काम वर्षानुवर्षे रखडत का होईना, चालू राहिले. तारीख असली तर काम अर्धे राहते, नसली तर लांबत जाते. निवड करायचीच झाली तर मी लांबलेले काम पसंत करीन.

आतापर्यंत मी न फुटलेल्या गोळ्यांबद्दल बोललो, कारण ते दिसतात आणि त्यांची भीती वाटते. फुटलेल्या गोळ्यांचे काय? पूर्ण ताकदीने फुटलेला गोळा जवळजवळ सगळी दारू जाळून टाकतो. अर्धवट फुटलेला मात्र दारू आसपास विखरून टाकतो. तिच्यात अनेकदा आरडीएक्स असते. हे रसायन मातीला फारसे धरून राहत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि भूजलाला मिळते. परक्लोरेट हे दुसरे रसायन तर त्याहून सहज वाहते. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडवर कॅम्प एडवर्ड्स नावाचे सैनिकी प्रशिक्षणाचे मैदान आहे. त्याच्या खाली वाळूचे थर, आणि त्या वाळूतच त्या भागाचा पिण्याच्या पाण्याचा साठा. तिथल्या भूजलात ही रसायने सापडली. १९९७ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्याच्या कायद्याचा आधार घेऊन खऱ्या दारूगोळ्याचा सराव थांबवण्याचा आदेश लष्कराला दिला. पर्यावरणाच्या कारणावरून चालू सराव थांबवण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ म्हणतात. तेव्हापासून तिथे विहिरींतून पाणी उपसून, गाळून, पुन्हा जमिनीत सोडण्याचे काम चालले आहे. या कथेत नायक नाहीत, गाणी नाहीत, होड्या नाहीत. विहिरींचे नमुने आहेत आणि प्रयोगशाळेचे अहवाल आहेत. म्हणूनच बहुधा ती कोणी सांगत नाही.

पुन्हा काहोओलावेकडे. नौदल गेल्यावर तिथे काय उरले? आयोगाची मोजकी माणसे, ओहानाचे स्वयंसेवक आणि माती. आयोग म्हणतो की दर वर्षी सुमारे १९ लाख टन माती बेटावरून वाहून समुद्रात जाते. ती किनाऱ्याजवळच्या प्रवाळांवर बसते आणि प्रवाळ गुदमरतात. म्हणून झाडे लावणे हाच आता सफाईचा पुढचा टप्पा आहे. बकऱ्या १९९३ पर्यंत संपवल्या, ते बरे झाले. पण झाड लावायचे कसे? जिथे चार फूट साफ झाले नाही तिथे कुदळ मारायची सोय नाही. मग त्यांनी खड्डा न घेता लागवड करायची रीत बसवली. उघड्या घट्ट जमिनीवर स्थानिक पिली गवताचे भारे आडवे ठेवायचे, त्यांच्या आडोशाला उडती माती साचू द्यायची, बाहेरून आणलेल्या मातीचे ढीग घालायचे आणि त्यात रोपे लावायची. वर डोंगरमाथ्यावर पावसाचे पाणी धरायला मोठे छप्पर आणि टाक्या आहेत, तिथून नळ्यांनी ठिबक. आपल्याकडे पाणलोटाचे काम केलेल्या माणसाला हे बघून लगेच उमगेल, फरक एवढाच की तिथे समतल चर खणता येत नाही.

स्वयंसेवक येतात ते होडीने, अनेकदा सामान प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाटांतून पोहत आणतात. उतरल्यावर पहिला पाठ सुरक्षिततेचा: ठरलेल्या वाटेवरून चाला, लोखंडाला हात लावू नका. १९८२ मध्ये ओहानाने तिथे माकाहिकी हा पावसाच्या आणि पिकांच्या देवाचा, लोनोचा, वार्षिक उत्सव पुन्हा सुरू केला. तेव्हा बॉम्बफेक थांबायला आठ वर्षे होती. सराव आणि प्रार्थना एकाच बेटावर, वेगवेगळ्या तारखांना! जमिनीचा वापर कोणता हे सांगण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाही. त्यांनी अर्ज करून सांगितले नाही, वापरून दाखवले. पुढे खोलीचा नकाशा काढताना त्याच वापराला वजन आले.

फेब्रुवारी २०२० मध्ये बेटाला वणवा लागला आणि जवळपास तीस टक्के जमीन होरपळली. वणवा विझवायला माणसे आत जाऊ शकत नव्हती, कारण आत गोळे. बघा, न साफ केलेली जमीन नुसती पडून राहत नाही. ती आपल्या संकटाच्या वेळी आपला हात धरते. पैशाचे म्हणाल तर त्या ४० कोटींपैकी ११ टक्के, म्हणजे ४ कोटी ४० लाख डॉलर, आयोगाच्या न्यासाला मिळाले होते. ते संपत गेले. आता आयोग दर अधिवेशनात राज्याच्या विधिमंडळापुढे उभा राहतो. अलुली नोव्हेंबर २०२२ मध्ये वारले. १९५३ च्या आदेशातल्या त्या वाक्याची पूर्तता त्यांना पाहायला मिळाली नाही.

आपल्या देशात हे घडले आहे का? हो, काश्मीरमध्ये. बडगाम जिल्ह्यात तोसामैदान नावाचे हिमालयाच्या कुशीतले विस्तीर्ण कुरण आहे. १९६४ मध्ये ते तोफखान्याच्या सरावासाठी भाडेपट्ट्याने दिले गेले. पन्नास वर्षांत आसपासच्या गावांतली साठाहून अधिक माणसे न फुटलेल्या गोळ्यांनी मेली, असे गावकऱ्यांचे म्हणणे. त्यात गुरे राखणारी आणि भंगार वेचणारी मुलेही होती. लोकांनी ग्रामसभा घेऊन, माहितीचा अधिकार वापरून मागणी लावून धरली आणि १८ एप्रिल २०१४ ला संपलेला पट्टा पुन्हा वाढवला गेला नाही. सैन्याने मोहीम काढून कुरण धुंडाळले. हे मोठे काम होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण सफाई झाल्याचे जाहीर झाल्यानंतरही तिथे स्फोटाच्या बातम्या आल्या. त्या कुरणाच्या बाबतीत खोली कोणी ठरवली? मेंढपाळाला विचारले का? बर्फ वितळताना माती सरकते, हे मोजले का?

आणि घरी येऊ. वर्ध्याच्या पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा माणसे गेली. त्यात आसपासच्या गावांतले रोजंदारीवर आलेले मजूर होते. ज्या जमिनीवर नष्ट करण्याचे काम चालते तीही उद्या कधीतरी साफ करावी लागणारच आहे. नगरजवळ के. के. रेंज आहे, खारे कर्जुने गावाच्या नावावरून ते नाव पडले. रणगाड्यांचा सराव तिथे होतो आणि तो झालाही पाहिजे. देशाला रणगाडे लागतात आणि रणगाड्यांना मैदान लागते. नगर, पारनेर, राहुरी या तालुक्यांतल्या गावांचा या क्षेत्राच्या विस्ताराशी जुना झगडा आहे, त्यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिले. पण तो सगळा वाद जमीन जाणार की राहणार, यावर चालतो. भंगार वेचताना कोणी दगावला की दोन दिवस बातमी, मग शांत. १९३८ च्या कायद्याखाली अशी सरावक्षेत्रे अधिसूचित होतात, अधिसूचनांच्या मुदती वाढतात. मी आज जे विचारतो आहे ते वेगळे आहे. त्या मैदानाचे रोजचे गोळीबाराचे टिपण कोणत्या स्वरूपात ठेवले जाते, कुठल्या चौकोनात किती गोळे पडले, किती फुटले नाहीत, किती सापडले, आणि ते टिपण तीस वर्षांनी जिल्हाधिकारी कार्यालयात कोणाला मिळेल का? आजूबाजूच्या विहिरींचे पाणी आरडीएक्ससाठी कधी तपासले जाते का? हे प्रश्न लष्कराच्या विरोधातले नाहीत. उलट, एखादा तोफखान्याचा अधिकारी निवृत्त होऊन या सभागृहात बसला असेल तर त्यालाही ते पटतील, कारण न फुटलेला गोळा पहिल्यांदा धोका देतो तो सराव करणाऱ्या जवानालाच.

नोंदी ठेवायला ४० कोटी डॉलर लागत नाहीत. एक वही लागते, एक चांगला नकाशा लागतो आणि वही पुढच्या माणसाकडे सोपवण्याची शिस्त लागते. सर आम्हाला नकाशा काढायला लावत तेव्हा उजव्या कोपऱ्यात तारीख नसली की गुण कापत. त्या वेळी तो छळ वाटायचा.

ठरलेला वेळ संपत आला आहे आणि मला तुमचे ऐकायचे आहे. राहुरी-पारनेरच्या बाजूने आलेल्यांपैकी कोणाच्या घरी शेतात किंवा माळावर सापडलेल्या तुकड्यांची आठवण असेल, कोणत्या साली, कुठल्या नाल्याजवळ, कोणाला सापडला, किंवा गावच्या तलाठ्याकडे, पोलीस पाटलाकडे तशी लेखी नोंद असेल, तर ती माहिती मला द्या. तुकडा मात्र घेऊन येऊ नका.

आता प्रश्न घेऊ.